चंदन-वंदन आडवाटेने : गटाला घेऊन जाताना

पुण्याहून साताऱ्याकडे येताना भुईंजच्या आसपास महामार्गावरून पूर्वेकडे पाहिले, की सपाट माथ्याचे दोन डोंगर जोडीने उभे असलेले दिसतात. त्यांतला उंच तो वंदन, जरा ठेंगणा तो चंदन आणि दोघांच्या मधे खिंड. शिलाहार राजा दुसरा भोज याने हे किल्ले बांधले असे मानले जाते. १६७३ मध्ये सातारा आणि परळी (म्हणजेच सज्जनगड) या गडांबरोबर ते शिवाजी महाराजांच्या ताब्यात आले. किकली आणि बेलमाचीच्या बाजूने खिंडीकडे चढणारी वाट पुष्कळांच्या पायाखालची आहे. मात्र डोंगराच्या चहूबाजूंना गावे असली की प्रत्येक गावाची आपापली वाट वर गेलेली असते. गुरे चारणे, गवत कापणे आणि देवदर्शन यांसाठी मळलेल्या या वाटा आता हळूहळू मोडत चालल्या आहेत. अशा एखाद्या वाटेने दहा-बारा जणांना सकाळी वर नेऊन संध्याकाळी सुखरूप खाली आणायचे असेल, तर काय करावे, एवढ्यापुरते हे टिपण आहे.

पहिला निर्णय उतरण्याचा घ्यावा. आडवाटेने चढावे आणि मळलेल्या वाटेने उतरावे, हा नियम मी कोणत्याही डोंगरावर मोडत नाही. चढताना चुकले तर समोर कडा आडवा येतो आणि पाय आपोआप थांबतात. उतरताना चुकले तर कडा पायाखाली असतो आणि गवताच्या काठापर्यंत पोचेपर्यंत तो दिसतच नाही. वरून पाहताना सगळ्या सोंडा, म्हणजे डोंगराच्या खाली उतरत गेलेल्या धारा, सारख्याच वाटतात, सकाळी ओळखीचे वाटलेले झाड दुपारी सापडत नाही आणि गुडघे तोवर बोलू लागलेले असतात. म्हणून चढाई कोणत्याही बाजूने ठरवा, उतराई मात्र खिंडीतून बेलमाची-किकलीकडेच ठेवा. याचा अर्थ गाडी सकाळी एका गावात आणि संध्याकाळी दुसऱ्या गावात लागणार. त्यामुळे चालकाला किकलीत किती वाजता थांबायचे हे आदल्या दिवशीच सांगून ठेवावे, कारण डोंगरावर फोन लागेलच याची खात्री नसते.

दुसरे काम म्हणजे वाट पाहून येणे. इथे वाट पाहणे म्हणजे ताटकळत बसणे नव्हे. गट नेण्याच्या आठ-पंधरा दिवस आधी दोघांनी जाऊन ती वाट खिंडीपर्यंत प्रत्यक्ष चालून यावे. घरबसल्या पाहणीलाही मोल आहे, पण तिच्या मर्यादा ओळखाव्यात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात दोन समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, उंचीचे २० मीटरचे अंतर असते, त्यामुळे दहा-पंधरा मीटरचा सरळसोट कडा दोन रेषांच्या मधे सहज लपतो आणि नकाशावर ती जागा नुसता तीव्र उतार म्हणून दिसते. उपग्रहाच्या चित्रात पायवाट पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते खरी. मात्र ते चित्र उन्हाळ्यातले असेल, तर नोव्हेंबरात त्याच दोऱ्यावर कमरेइतके गवत उभे असते.

गावात विचारण्याचीही एक पद्धत आहे. "ही वाट गडावर जाते का?" असे विचारले की "जा की, वाट हाय," एवढेच उत्तर मिळते. त्यात फसवणूक नसते. पाहुण्याला नाही म्हणू नये एवढीच भावना असते. त्यापेक्षा पारावर बसलेल्या एखाद्या वयस्क गृहस्थाला विचारावे, "मामा, तुम्ही स्वतः शेवटचं वर कधी गेला होता?" मग खरे काय ते बाहेर येते : "आता दोन वर्सं झाली बघा. वाट मोडलीया, पर खालच्या अंगानं गेलासा तर घावंल." यानंतर गुरे कुठवर चरायला जातात, त्यांना पाणी कुठे पाजतात, आग्या मोहोळ कोणत्या कड्याला आहे आणि यंदा वणवा लागला होता का, हे चार प्रश्न विचारावेत. "अर्ध्या तासाची वाट" असे कोणी सांगितले, तर ते रोज चढणाऱ्याचा अर्धा तास असतो हे लक्षात ठेवून गटासाठी तिप्पट वेळ धरावा. शक्य असल्यास गावातलाच एक वाटाड्या सोबत घ्यावा, त्याची दिवसाची मजुरी आधी बोलून ठरवावी आणि खाली उतरल्यावर ती त्याला मागावी लागू नये.

आता वाट ओळखण्याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण गट भरकटतो तो बहुधा इथेच. सह्याद्री आणि त्याचे फाटे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलेले आहेत. हे थर एकावर एक आडवे रचलेले असल्याने डोंगराला पायऱ्यांसारखी घडण आली आहे : एक कडा, त्यावर थोडा सपाट पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर. त्यामुळे खरी वाट सरळ वर जात नाही. ती सोंडेच्या धारेवरून चढते, कड्याच्या पायथ्याला लागली की पदरावरून आडवी जाते, कडा जिथे मोडलेला असेल तिथून वर घुसते आणि पुन्हा आडवी होते. आडवे चालून कंटाळलेल्या मंडळींना "इथूनच सरळ चढू या" असा मोह होतो. त्या मोहाला गटात एकानेच, म्हणजे आघाडीवाल्याने, ठाम नकार द्यायचा असतो. त्यातच हा किल्ला आहे. ज्या जागी चढणे सोपे होते त्या जागी किल्ला बांधणाऱ्यांनी तट घातला किंवा कडा तासला आणि येण्याजाण्यासाठी दरवाजा ठेवला. तेव्हा वर तट दिसला आणि दरवाजा दिसला नाही, तर आपण चुकीच्या जागी आलो आहोत असे समजावे, दगडांत बोटे घालून चढू नये आणि खिंडीच्या दिशेने आडवे सरकावे. चढाई कोणत्याही गावातून असली तरी पहिले लक्ष्य खिंड हेच ठेवावे.

ढोरवाट आणि माणसाची वाट यांतला फरक मी एकदा किंमत मोजून शिकलो. याच रांगेतल्या एका डोंगरावर चौदा जणांना घेऊन मी दीड तास एका छान रुंद, शेणाने माखलेल्या वाटेने चाललो. वाट बिनचूक होती, फक्त ती आम्हाला एका आटलेल्या पाणवठ्यावर घेऊन गेली आणि तिथेच संपली. गुरे ज्या कामासाठी डोंगरावर येतात त्या कामापुरतीच त्यांची वाट असते. ती एकाच उंचीवरून आडवी चालते, तिला समांतर फाटे फुटतात आणि उतारावर कंगवा फिरवल्यासारख्या रेघा दिसतात. करवंदीच्या जाळीखालून दोन फूट उंचीने जाणारा बोगदा शेळ्यांचा असतो. याउलट माणसाच्या वाटेवर खांद्याच्या उंचीला कोयत्याने तोडलेल्या फांद्यांची तिरकी टोके दिसतात, पावलाच्या जागचा दगड गुळगुळीत झालेला असतो, कडेला उचलून टाकलेले धोंडे असतात आणि कुठे तरी विडीचे थोटूक सापडते. वीस मिनिटे यांतले काहीच दिसले नाही, तर गटाला बसवून दोघांनी पुढे पाहून यावे. चौदा जणांनी मिळून वाट शोधू नये.

हंगामाबद्दल माझे मत सरळ आहे : आडवाटेसाठी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचाच काळ घ्यावा. पावसाळ्यात वाट आणि ओघळ यांत फरक उरत नाही, कातळावर शेवाळ असते आणि ढग उतरले की खिंड कुठे आहे हेही कळत नाही. पावसानंतर गवत वाळते, मग कापले जाते आणि वाट उघडी पडते. या दिवसांत कुसळे मात्र छळतात. ती मोज्यांत शिरून पावलागणिक टोचत राहतात, म्हणून जाळीदार कापडाचे बूट टाळावेत आणि जाड कापडाची पूर्ण विजार घालावी. फेब्रुवारीनंतर वणव्यांचे दिवस येतात. जळलेल्या उतारावर वाट स्पष्ट दिसते, पण राखेखालचा मुरूम धरून राहत नाही आणि घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या मातीदगडांच्या उतारावरून, पाय सुटतो. शिवाय हे डोंगर मुख्य धारेच्या पूर्वेला असल्याने इथे महाबळेश्वरसारखी दाट झाडी नाही. अकरानंतर सावली शोधावी लागते.

वेळेचा हिशेब कागदावर करावा. स्कॉटलंडमधल्या नाइस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा आडाखा दिला : दर पाच किलोमीटर अंतराला एक तास आणि वर चढायच्या दर सहाशे मीटर उंचीला आणखी एक तास. समजा, आपली वाट तीन किलोमीटरची आणि चढ चारशे मीटरचा आहे. तर ३६ आणि ४० मिळून ७६ मिनिटे होतात. हा सरावलेल्या माणसाचा वेळ झाला. मिश्र गटासाठी आणि मोडलेल्या वाटेसाठी मी तो दुप्पट करतो, म्हणजे अडीच तास. डिसेंबरात साताऱ्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. साडेसातला चालायला लागलो तर दहापर्यंत खिंड गाठता येते. अकरापर्यंतही खिंड आली नाही, तर चंदन सोडून द्यावा आणि फक्त वंदन करावा. एकही पाऊल उजेडाबाहेर पडू नये यासाठी साडेतीनला खिंडीतून खाली निघायचे, मग वर कितीही रमलेले असोत. तरीही प्रत्येकाच्या पाठपिशवीत बॅटरी असावीच. मोबाइलचा उजेड ही बॅटरी नव्हे, कारण त्याच मोबाइलवर नकाशा आणि मदतीचा फोनही अवलंबून असतो.

गट बारापर्यंत ठेवावा. आघाडीला वाट पाहिलेला माणूस आणि पिछाडीला त्याच्याइतकाच शांत दुसरा माणूस असावा. पिछाडीच्या मागे कोणीही, कोणत्याही कारणाने राहायचे नाही. सर्वांत सावकाश चालणाऱ्याला आघाडीच्या लगेच मागे ठेवावे. त्याला मागे टाकले, की पुढचे थांबून विश्रांती घेतात आणि तो पोचताक्षणी उठून चालू लागतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज असते त्यालाच ती मिळत नाही. प्रत्येक फाट्यावर, मागचा माणूस नजरेत आल्याशिवाय पुढच्याने वळायचे नाही. घसाऱ्याच्या चढावर अंतर वाढवावे, एकाखाली एक उभे राहू नये आणि दगड सुटला तर सुटलेल्याने लाज न बाळगता "दगड!" असे ओरडावे. सगळ्यांना शिटी द्यावी : मिनिटात सहा वेळा वाजवली तर मदत हवी आहे, उत्तरादाखल मिनिटात तीन वेळा.

पाणी माणशी तीन लिटर घरूनच घ्यावे. गडावरच्या पाण्याच्या भरवशावर हिशेब करू नये. डब्यात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा यांच्यासारखे दुपारपर्यंत न विटणारे दुसरे काही मला अजून सापडलेले नाही. सोबत गूळ आणि क्षारसंजीवनीची पाकिटे ठेवावीत. साताऱ्याचे कंदी पेढे वर नेण्याचा आग्रह दर वेळी कोणी तरी करतोच. ते माथ्यावर संपतात आणि तहान वाढवतात.

अत्तर आणि सुगंधी फवारे त्या दिवशी कोणी लावू नयेत, कड्याखाली आरडाओरडा करू नये आणि धूर तर मुळीच करू नये, कारण आग्या माश्या उठल्या की डोंगरावर लपायला जागा नसते. त्या अंगावर आल्याच तर हात न झटकता, तोंड झाकून, पाय सुरक्षित पडतील अशा बाजूने लांब जावे. या भागात घोणस आणि फुरसे हे दोन्ही विषारी साप आहेत. वाटेवरच्या दगडामागे न पाहता पाय टाकू नये आणि चढताना वरच्या खाचेत आंधळेपणाने हात घालू नये. दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, दोरीने करकचून आवळणे यांपैकी काहीही करू नये. अंगठी, कडे, घड्याळ काढावे, तो अवयव काठीच्या आधाराने स्थिर करावा, माणसाला न चालवता उचलून खाली आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उतारा फक्त रुग्णालयात मिळणाऱ्या प्रतिविषाचाच. पोलिसांसह इतर मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. वर जाताना कुठे फोन लागतो ती जागा लक्षात ठेवणे, हे पिछाडीवाल्याचे काम.

फोनवर चढाईची नोंद सुरू ठेवावी. उतराई दुसऱ्या वाटेची असली, तरी खिंडीच्या अलीकडून परतावे लागले तर आलेल्या वाटेनेच जायचे असते, आणि तेव्हा ती नोंद कामी येते. म्हणूनच फाट्याफाट्यावर तीन दगडांची लहान उतरंड रचावी आणि वाट पाहायला गेलेल्या दोघांनी मागे वळून प्रत्येक फाट्याचे, उतरताना दिसेल तसे, छायाचित्र घेऊन ठेवावे. दगडांना रंग फासू नये.

माथ्यावर पडक्या बांधकामाच्या भिंतींवर चढू नये आणि दर्ग्यात, देवळात पादत्राणे बाहेर काढून जावे. खिंडीतून निघताना माणसे मोजावीत, बेलमाचीत पुन्हा मोजावीत. वेळेत उतरलात तर किकलीतल्या भैरवनाथाच्या जुन्या मंदिराजवळ अर्धा तास ठेवावा. तिथे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, बरेच आहेत. ते खालून वर वाचायचे असतात : तळाला लढाई, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गाडीत बसण्यापूर्वी, सकाळी ज्या गावातून निघालात तिथल्या मामांना फोन करून सगळे उतरल्याचे कळवावे. नाही तर अंधार पडल्यावर ते दोन पोरे घेऊन तुम्हाला शोधायला डोंगराकडे निघतील.