धान्यातला किडा सोंड्याच आहे का, हे कसं ओळखायचं

पावसाळा लागला की कणगीतल्या ज्वारीत किडे फिरायला लागतात आणि आपल्याकडं सगळ्यांनाच सरसकट टोके म्हणतात, मग कुणीतरी सांगतं किडे मारायची विषारी गोळी टाका आणि लोक खरंच टाकतात. त्या गोळीच्या वायूनं माणूस मरतो, राहत्या घरातल्या धान्यात ती अजिबात टाकू नका. आधी किडा कोणता ते बघा.

मूठभर ज्वारी पांढऱ्या ताटात पसरा आणि किड्याला बाजूनं बघा, वरून सोंड नीट कळत नाही. तोंड पुढं निमुळतं होऊन बारीक सोंडेसारखं खाली वाकलेलं असेल, आणि त्या सोंडेवरूनच निघालेल्या मिशा मधी कोपरासारख्या मोडलेल्या असतील तर तो सोंड्या. लांबी साधारण 3 मिलिमीटर. पाठीवर टॉर्च मारा, फिकट तांबूस चार ठिपके दिसले तर ज्वारी, गहू, तांदूळ, मक्यात नेहमी सापडणारा तोच. दाणा पण बघा: मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते, अळी आतच वाढते, त्यामुळं किडा गोल भोक पाडून बाहेर येईपर्यंत दाणा चांगलाच वाटतो.

सोंड नसेल तर गोष्ट वेगळी. पिठातला तांबडा भुंगा चपटा असतो. तूर, मूग, हरभऱ्यातला भुंगा बुटका आणि गोलसर, त्याची पांढरी अंडी दाण्यावर बाहेरूनच चिकटलेली दिसतात.

शेतात मात्र जरा फसायला होतं. कापसावरच्या, तुरीवरच्या करड्या सोंड्याची सोंड आखूड अन् रुंद असते म्हणून पटकन ध्यानात येत नाही, पण पानाच्या कडा कुरतडलेल्या असतात आणि हात लावला की किडा खाली पडून मेल्याचं सोंग घेतो. चिमटीत दाबू नका, अंगावरचे करडे खवले निघून जातात आणि मग ओळखायला काहीच उरत नाही. अर्धापूरकडच्या केळीवाल्यांनी खोडाच्या बुडाशी, कंदात बघावं, तिथला सोंड्या काळपट आणि सेंटिमीटरभर तरी लांब असतो.

तांदळातला सोंड्या आणि मक्यातला सोंड्या बाहेरून इतके सारखे असतात की खात्रीनं सांगायचं तर किडा मायक्रोस्कोपखाली उघडून बघावा लागतो, ते आपलं काम नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र विभाग आहे, नाहीतर जवळचं कृषी विज्ञान केंद्र गाठा. चार-पाच अख्खे किडे झाकणाच्या छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये बुडवा, खराब दाणे किंवा पान वेगळ्या पुडीत ठेवा आणि चिठ्ठीवर पेन्सिलीनं गाव, तारीख, पीक आणि किडा नेमका कुठं सापडला ते लिहा. फोटो पाठवणार असाल तर एक वरून, एक बाजूनं, शेजारी पट्टी ठेवून. घाई असेल तर किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 वर फोन लावा, मराठीत बोलतात, फक्त सोंड आहे का नाही हे बघूनच लावा, पहिला प्रश्न बहुतेक तोच येईल.