हरवलेलं कुत्रं परत दिलं, आता बक्षीस घ्यायचं का?

पोस्टरवर ५००० लिहिले असतील तर घ्या ना भाऊ, लाजायचं काय त्यात, १८७२ च्या करार कायद्याचं कलम १६८ बघा, जाहीर केलेलं बक्षीस मागायचा हक्कच आहे. पण फोनवर आधी पैशांचं काढू नका, आधी ओळख पटवा, जुने फोटो मागा, नावाने हाक मारायला लावा, शेपूट हलली की कळतंच. बक्षीस जाहीरच नसेल तर अडून बसू नका, फारच मागे लागले तर रिक्षा अन् डॉक्टरचा खर्च तेवढा घ्या. बारकं पोरगं गल्ला फोडून चिल्लर आणत असेल तर मात्र सरळ नाही म्हणा. आणि आमच्या जळगाव-भुसावळकडे पाकिटाऐवजी भरीत-पुरीला बसवतात, ते नाकारलं तर खरंच राग येतो लोकांना.