हमिंगबर्ड बँडिंग शिकायचंय? आधी वही धरा

बँडिंग म्हणजे पक्ष्याच्या पायात नंबराचं बारीक कडं (बँड) घालून, नोंद करून त्याला सोडून देणं. हमिंगबर्ड हातात घ्यायला मिळेल म्हणून त्याला येणारे पुष्कळ. पहिल्या मोसमात हातात येते ती वही आणि पेन्सिल. टेक्सासच्या किनाऱ्यावर मी शिकायला लागले तेव्हा तेच झालं, आणि ते बरंच झालं असं माझं मत आहे.

अमेरिकेत १९१८च्या कायद्यामुळे स्थलांतरित पक्षी परवान्याशिवाय पकडता येत नाहीत. बँडिंगचा परवाना मेरीलँडमधली बर्ड बँडिंग लॅबोरेटरी देते आणि हमिंगबर्डसाठी वेगळी मंजुरी लागते. त्यासाठी परवानाधारक बँडरच्या हाताखाली तयार व्हायचं. पगाराचं विचाराल तर बहुतेक जण हे हौसेपोटी, पदरमोड करून करतात.

पकडणं त्यातल्या त्यात सोपं. फीडरभोवती, म्हणजे साखरपाण्याच्या टांगत्या भांड्याभोवती, जाळीचा पिंजरा, दार वर धरलेलं, दोरी तुमच्या हातात. आत साखरपाणी: साखर एक भाग, पाणी चार भाग, रंग अजिबात नको. पक्षी प्यायला टेकला की दोरी सोडायची.

खरी कसरत बँडची. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर नंबर छापून येतात. कापायचे, कडा घासायच्या, गोल वळवायचे, सगळं बँडरनंच. पक्षी जेमतेम ३ ग्रॅमचा, बँड ग्रॅमच्या शंभराव्या भागाहूनही हलका. त्यावर एक अक्षर आणि पाच आकडे. बँडर भिंगातून वाचतो. तुम्ही मोठ्यानं परत म्हणायचं, मगच लिहायचं. जानेवारी २०१०मध्ये फ्लोरिडातल्या टॅलाहॅसीत बँड घातलेली रुफस या जातीच्या हमिंगबर्डची एक मादी त्याच जूनमध्ये अलास्कात पकडली गेली, सुमारे ५,६०० किलोमीटरवर. एक आकडा चुकला असता तर हे कुणाला कळलंच नसतं.

लिहिता लिहिता नजर तयार होते. कोवळ्या पिल्लाच्या वरच्या चोचीवर बारीक खाचा असतात, वयाबरोबर त्या जातात. स्ट्रॉनं फुंकर घालून पोटावरची पिसं बाजूला केली की कातडीखालची पिवळसर चरबी दिसते. सप्टेंबरात पुढे मेक्सिकोचं आखात ओलांडायचं असतं, म्हणून रुबी-थ्रोटेड जातीचे हमिंगबर्ड खाऊन खाऊन ५ ग्रॅमपर्यंतही जातात. मादीच्या पोटात अंडं दिसलं तर लगेच सोडायचं. पक्ष्यानं चोच वासली किंवा डोळे मिटायला लागला, तर मापं राहू देत, आधी साखरपाणी. हे बोलून दाखवायला वहीवाल्यानं कचरू नये, कारण बँडरचं लक्ष पायाकडे असतं.

शेवटी पक्षी तळहातावर ठेवतात. मिनिटाला हजाराच्या वर ठोके, त्यामुळे ठोका असा जाणवतच नाही, नुसती थरथर. (फोटो पाहून गावाकडून हटकून निरोप येतो, ‘आपल्या जास्वंदीवर पण येतो की हा!’ तो शिंजीर. हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर नाहीत.)

सप्टेंबरातली गर्दी बघायला जरूर जा, पण शिकायला हिवाळा बरा. आखाताच्या किनाऱ्यावर तेव्हा मोजकेच रुफस मुक्कामाला असतात, ज्यांच्या फीडरवर ते येतात ते घरमालक बँडरला बोलावून घेतात आणि त्याला समजावायला सवड असते. फक्त जाड जॅकेट घ्या. दोरी धरून तास-तासभर हलता येत नाही.