बासरीच्या सहा छिद्रांतून स्वरशास्त्राची ओळख

सहा छिद्रांची बांबूची बासरी हाती घेतल्यावर तोंडाकडून मोजलेली पहिली तीन छिद्रे बंद करावीत, उरलेली तीन उघडी ठेवावीत आणि जो स्वर उमटेल तो काही दिवस फक्त स्थिर धरावा. हिंदुस्थानी पद्धतीत हा स्वर षड्ज मानला जातो आणि बासरीची पट्टी, म्हणजे हार्मोनियमच्या पट्ट्यांप्रमाणे पांढरी दोन किंवा काळी एक, याच स्वरावरून सांगितली जाते. षड्जाची उंची ठरलेली नसते. इतर सर्व स्वरांची ओळख मात्र त्याच्यापासूनच्या अंतराने होते, आणि स्वरशास्त्राचा बराचसा भाग या एका गोष्टीच्या विस्तारात सामावलेला आहे.

सहाही छिद्रे बंद केल्यावर मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम मिळतो. तेथून खालून एकेक बोट उचलत गेल्यास क्रमाने धैवत, निषाद, षड्ज, ऋषभ व गांधार येतात, आणि सर्व छिद्रे उघडी झाली की तीव्र मध्यम, म्हणजे शुद्ध मध्यमापेक्षा अर्धा स्वर चढा मध्यम, वाजतो. शुद्ध मध्यमासाठी पहिले छिद्र अर्धे झाकावे लागते. पुन्हा सर्व छिद्रे बंद करून फुंक अधिक वेगाची केली, तर पंचम एक सप्तक वर उडी घेतो. या दोन पंचमांच्या कंपनसंख्यांचे प्रमाण १:२ असते.

सप्तकात एकूण १२ स्वर असतात, परंतु शुद्ध स्वरांमधील अंतरे सारखी नसतात: निषाद ते षड्ज आणि गांधार ते शुद्ध मध्यम ही अंतरे अर्ध्या स्वराची, बाकीची पूर्ण स्वराची. हार्मोनियमवर हे पट्ट्यांच्या मांडणीत डोळ्यांना दिसते, बासरीवर मात्र छिद्रांकडे पाहून कळत नाही. मला यात तोटा वाटत नाही, कारण त्यामुळे कानाला काम करणे भाग पडते.

आता थाट, म्हणजे रागांच्या वर्गीकरणासाठी वापरली जाणारी सात स्वरांची मांडणी. संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंडे यांनी मांडलेल्या १० थाटांची यादी सुरुवातीलाच पाठ करण्यात फारसा अर्थ नाही. त्यांतील सहा थाट वर सांगितलेल्या बोटांच्या मांडणीतच दडलेले आहेत. कोणतेही छिद्र अर्धे न झाकता सातही स्वर क्रमाने वाजवावेत. षड्जापासून मोजल्यास हा क्रम कल्याण थाटाचा होतो, कारण त्यात मध्यम तीव्र आहे. आता बोटे तीच ठेवून मंद्र पंचमालाच षड्ज मानले, तर बिलावल मिळतो. ऋषभाला षड्ज मानल्यास खमाज, धैवताला मानल्यास काफी, गांधाराला मानल्यास आसावरी आणि निषादाला मानल्यास भैरवी. आधारस्वर बदलून एकाच स्वरपंक्तीतून वेगळ्या पंक्ती काढण्याच्या या प्रक्रियेला मूर्च्छना म्हणतात. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे चार थाट या मार्गाने हाती लागत नाहीत. त्यांच्यासाठी छिद्रे अर्धी झाकण्याची सवय झाल्यावरच त्यांच्याकडे वळावे.

हा प्रयोग तंबोऱ्याविना करू नये. षड्ज बदलला की तंबोराही त्या नव्या स्वरात लावावा लागतो. मोबाइलवरील तंबोऱ्याच्या ॲपमध्ये हे सहज होते. जुना आधारस्वर चालू राहिला, तर बोटांनी भैरवी वाजत असली तरी कानाला कल्याणच ऐकू येत राहतो आणि सारा प्रयोग फसतो.

तालासाठी सुरुवातीला आठ मात्रांचा केरवा आणि सहा मात्रांचा दादरा पुरेसा आहे. पायाने सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, धरून प्रत्येक मात्रेला एक स्वर वाजवावा, मग एका मात्रेत दोन बसवावेत. फुंक मात्रेच्या आधीच संपत असेल, तर लय वाढवून पळवाट काढू नये. स्वरांची संख्या कमी करून सम गाठावी आणि श्वास कोठे घ्यायचा ते वहीत त्या मात्रेखाली खूण करून ठेवावे.