पावसाळ्यात ग्रुप फाटतोय? एअर रायफलच्या या चुका टाळा

मे महिन्यापर्यंत दहा शॉट एकाच भोकात बसवणारी रायफल आषाढ लागला की आठ-नऊ गुणांच्या रिंगांवर छर्रे टाकायला लागते. ग्रुप, म्हणजे शॉटच्या भोकांचा पुंजका, फाटतो. शूटर आधी स्वतःच्या नेमाला दोष देतो, मग ट्रिगरला, मग साइटचे (नेम जुळवायच्या खुंट्यांचे) क्लिक फिरवत बसतो. कोकण किनाऱ्यावर यातली बरीच गडबड हवेतल्या पाण्याची असते. ते छर्रा ढकलणाऱ्या दाबलेल्या हवेच्या सिलिंडरमध्ये शिरतं, बॅरलवर (नळीवर) बसतं, छर्ऱ्यांना पांढरं करतं आणि लाकडी स्टॉक फुगवतं. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत त्यात खारा वाराही मिसळलेला. घाटावर लिहिलेली देखभालीची पुस्तिका इथे जशीच्या तशी चालत नाही.

इथे बोलतोय ते १० मीटरच्या ४.५ मिलिमीटर एअर रायफलबद्दल. या रायफलने भेकर, ससा किंवा पाखरू टिपणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे समोर कागद किंवा इलेक्ट्रॉनिक टार्गेट एवढंच.

एक मिलिमीटर इथे किती महाग आहे ते आधी पाहू. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पुढची प्रत्येक रिंग २.५ मिलिमीटरने बाहेर जाते. दशांश गुणांत ०.१ म्हणजे पाव मिलिमीटर. १०.५ हवे असतील तर छर्ऱ्याचं केंद्र मध्यापासून सव्वा मिलिमीटरच्या आत पडायला हवं. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ साली कैरोत याच प्रकारात जगज्जेतेपद मिळवलं. त्या पातळीवर साठ शॉटमध्ये सरासरी १०.५च्या आसपास लागते. ओलाव्याने वेग थोडा जरी वरखाली झाला तरी तो सव्वा मिलिमीटर हातचा जातो.

दोष कुणाचा, हे न तपासता क्लिक फिरवणं

रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर टेका. क्लॅम्प असेल तर उत्तमच. एकाच बॅचचे छर्रे घ्या आणि दर वेळी नवा कागद लावून दहा-दहा शॉटचे पाच ग्रुप मारा. भोकांच्या बाहेरच्या कडा मोजा; त्यातून ४.५ वजा केले की केंद्रांमधलं अंतर मिळतं. चांगली मॅच (स्पर्धेची) रायफल जुळलेल्या छर्ऱ्यांनी क्लॅम्पमध्ये बाहेरून साधारण ५ ते ५.५ मिलिमीटरचा ग्रुप देते. पिशव्यांवर थोडा मोठा आला तरी काळजी नको. टेकूवर ग्रुप नीट येतो आणि उभं राहून फाटतो, तर रायफलला हात लावू नका. टेकूवरही बाहेरून सात-आठ मिलिमीटर येत असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

ग्रुप उभा लांबत असेल तर वेग वरखाली होतोय असं समजून सिलिंडर, रेग्युलेटर (प्रत्येक शॉटला सारखाच दाब देणारा भाग) आणि छर्रे पाहा. आडवा पसरत असेल तर साइट, स्टॉकचे स्क्रू आणि रायफल कलणं हे आधी पाहा. कलण्याला बहुतेकजण हसण्यावारी नेतात. छर्रा १७० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास सुटतो, १० मीटरला त्याला ०.०६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो सतरा-अठरा मिलिमीटर खाली येतो. रायफल पाच अंश उजवीकडे कलली तर शॉट दीड मिलिमीटर उजवीकडे जातो. म्हणजे सहा दशांश गुण गेले, आणि साइट बिचारी जागेवरच आहे.

सिलिंडरमध्ये दमट हवा भरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर.

जुलैत मालवण-देवगडकडे ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता ही रोजची गोष्ट. अशा एक घनमीटर हवेत साधारण २६ ग्रॅम पाणी असतं. २०० मिलिलिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार (बाहेरच्या हवेच्या दाबाच्या साधारण दोनशे पट) भरले म्हणजे बाहेरची ४० लिटर हवा आत कोंबली. तिच्यात एक ग्रॅम, म्हणजे वीसेक थेंब पाणी होतं. हवा दाबली म्हणून पाण्याची वाफ धरून ठेवायची जागा वाढत नाही. त्या २०० मिलिलिटरमध्ये ३० अंशांना जेमतेम ६ मिलिग्रॅम वाफ मावते, बाकीचं पाणी वाटेत कुठेतरी थेंब होऊन सुटतं. पंप किंवा कॉम्प्रेसरने ते अडवलं नाही तर ते सिलिंडरच्या तळाला आणि तिथून व्हॉल्व्हमध्ये जातं. रेग्युलेटरच्या सीटवर गंजाचा कण बसला की दाब हळूहळू वर सरकू लागतो. याची खूण अशी: रायफल पंधरा-वीस मिनिटं नुसती ठेवली की पहिला शॉट वर जातो आणि पुढचे परत जागेवर येतात.

हातपंप वापरत असाल तर एका दमात भरू नका. पन्नासेक दट्ट्यांनंतर ब्लीड स्क्रू उघडून दाब सोडा, नळीतलं पाणी फुर्रकन बाहेर पडतं. पंप निववा आणि मगच पुढे चला. ओलावा शोषणारे दाणे फिल्टरमध्ये असतील तर रंग बदलल्या बदलल्या ते बदला. कॉम्प्रेसरला पाण्याचा सापळा असतोच, त्याचा ड्रेन प्रत्येक भरणीआधी उघडायचा.

स्कूबाच्या टाकीतून भरणं हा किनाऱ्यावरचा सर्वांत चांगला मार्ग. तारकर्ली-मालवणला डायव्हिंग चालतं तिथे श्वासासाठी भरलेली हवा गाळलेली आणि कोरडी असते. पण टाकी बोटीवरून उतरलेली असते आणि तिच्या व्हॉल्व्हच्या तोंडात हमखास समुद्राच्या पाण्याचा थेंब अडकलेला असतो. अॅडॅप्टर तसाच लावलात तर २०० बारच्या जोरावर खारं पाणी थेट तुमच्या सिलिंडरमध्ये गेलं म्हणून समजा. सुक्या सुती फडक्याने तोंड पुसा, तोंडासमोर कुणी नाही हे पाहून व्हॉल्व्ह क्षणभर उघडून बंद करा, पुन्हा पुसा आणि मग अॅडॅप्टर बसवा.

ऑक्सिजनचा सिलिंडर मात्र कधीही नाही, मग तो वेल्डिंगचा असो वा दवाखान्याचा. दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन आणि ग्रीसचा एखादा कण एकत्र आले की स्फोट होतो. यात नशीब आजमावायला जागाच नाही. ओ-रिंगलाही (हवा अडवणाऱ्या रबरी कडीलाही) पेट्रोलियम ग्रीस नको. सिलिकॉन ग्रीस लावा, तेही बोटाच्या टोकाएवढंच.

भरताना सावकाश भरा. घाईत भरलेली हवा तापते. आतली हवा ५५ अंशांपर्यंत गेली असेल तर काट्यावर दिसणारे २०० बार ती ३० अंशांवर आल्यावर १८५ होतात. म्हणून कुणी २१५ भरून ठेवतो. तसं करू नका. सिलिंडरवर ठोकलेला आकडा ही हद्द आहे, निवल्यावर पुन्हा २०० पर्यंत भरा. उलट, दुपारी २०० असलेला काटा पहाटे २४ अंशांना १९६ दाखवत असेल तर ती गळती नव्हे, नुसता तापमानाचा फरक आहे. त्यापेक्षा जास्त उतरला तरच ओ-रिंग खोला.

सिलिंडर पूर्ण रिकामा करून फळीवर ठेवणं हीसुद्धा चूकच. आत दाब असला की बाहेरची हवा शिरत नाही. आणि त्यावरची तारीख वाचा. स्पर्धेच्या नियमानुसार उत्पादनापासून दहा वर्षांनंतर तो बाद होतो, आणि पंच तपासतात.

एसीतून काढून लगेच रायफल उघडणं

एसी गाडीतून रायफल आली, रेंजवर केस उघडली आणि दोन मिनिटांत बॅरलवर धुकं. ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू २८च्या आसपास असतो. २४ अंशांवर निवलेलं पोलाद तिच्यात आलं की त्यावर पाणी सुटणारच, आणि ते फक्त बाहेरून नाही, बॅरलच्या आतही. केस बंदच ठेवून अर्धा-पाऊण तास थांबा. तोवर जॅकेट, टार्गेट, उंची यांची तयारी होते.

घरी परतल्यावर उलटं करायचं. केस उघडायची, रायफल बाहेर काढायची, हाताच्या घामाच्या जागा पुसायच्या. केसमधला फोम पावसाळ्यात ओल धरून बसतो. त्यात महिनाभर पडलेल्या रायफलवर जिथे फोम टेकतो नेमका तिथेच गंजाचा पट्टा उमटतो. रायफल कपाटात उभी ठेवा, सोबत शंभर-दीडशे ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. आकडा पन्नासच्या आसपास राहिला पाहिजे. जेल नारिंगी रंगाचं घ्या. निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं आणि ते विषारी आहे. रंग बदलला की ओटीजीमध्ये १२० अंशांवर दोनेक तास सुकवा, स्वयंपाकाच्या ताटात मात्र नको.

पोलादाच्या बाहेरच्या भागांवर शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवला तरी पुरे. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल लावणारे बरेच आहेत. ते २४ अंशांच्या खाली थिजतं, आणि जुनं झालं की चिकट होऊन धूळ धरतं. पौषातल्या पहाटे ट्रिगर जड का लागतोय याचं उत्तर कित्येकदा तिथेच सापडतं.

बॅरल कमी साफ करणं, किंवा फार

पाचशे छर्ऱ्यांची एक डबी संपली की एकदा साफ करणं पुरतं. फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) गोळ्या नेहमी मागून, म्हणजे छर्रा भरतो त्या बाजूने, पुढे ढकला. पहिल्या दोनवर क्लीनरचा एकेक थेंब, बाकी कोरड्या, स्वच्छ बाहेर येईपर्यंत. तोंडाकडून लोखंडी सळी घालणाऱ्याच्या हातून बॅरलच्या तोंडाची कड घासली जाते आणि मग कुठलाही छर्रा तिथे चालत नाही. पावसाळ्यात रायफल आठ-दहा दिवस वापरली जाणार नसेल तर हलकी तेलाची एक गोळी आतून फिरवा, पण सरावाआधी दोन-तीन कोरड्या ढकलायला विसरू नका. साफ केल्यानंतरचे पहिले दहा-पंधरा शॉट भरकटतात. त्यावरून क्लिक फिरवायचे नाहीत.

स्प्रिंगची, मोडून भरायची रायफल असेल तर बॅरलमागच्या खोलीत तेल जाऊ देऊ नका. दट्ट्याच्या दाबाने ते पेटतं, धूर निघतो आणि सील जातं. तिच्यातून फेल्टची गोळी झाडूही नका. तेवढा अडसर दट्ट्याला पुरत नाही आणि तो पुढे जाऊन आदळतो.

छर्रे उघडे ठेवणं आणि धुणं

रायफलचे मॅच छर्रे ०.५३ ग्रॅमचे, चपट्या तोंडाचे असतात. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० असा डबीवर छापलेला असतो. तुमच्या बॅरलला कुठला मानवतो ते टेकूवरच्या ग्रुपनेच ठरतं, शेजारच्या लेनवरच्या शूटरला विचारून नाही. जुळलेली बॅच सापडली की हंगामापुरती एकदम घ्या.

शिसं दमट हवेत पांढरट पावडर धरतं. लाकडी खणात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ते लवकर होतं, कारण त्यांतून आम्लाची वाफ निघत असते. चमक गेली तर चालेल. बोटाला पावडर लागली तर ती डबी सरावालाही वापरू नका. छर्रा घट्ट बसतो, वेग बदलतो आणि ती पावडर विषारी असते. काही जण रॉकेलने धुऊन वाळवतात. त्याने कारखान्यातला तेलाचा पातळ थर जातो आणि पांढरेपणा आणखी लवकर येतो. डबी घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, जेलच्या पुडीसोबत ठेवा. लागतील तेवढेच ट्रेमध्ये काढा. कडाप्प्यावर पडलेला छर्रा पुन्हा ट्रेमध्ये नको, त्याची मागची पातळ कड दबलेली असते.

लाकूड, कपडे, दिवे

लाकडी स्टॉक ओल धरून फुगतो, श्रावणात तसाच घट्ट केलेला स्क्रू दिवाळीनंतर ढिला पडतो. वर्षातून निदान दोनदा, पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि नंतर, टॉर्क पानाने तपासा. किती न्यूटन-मीटर ते पुस्तिकेत असतं. अंदाजाने आवळू नका. अॅल्युमिनियम स्टॉकला हा त्रास नाही.

कॅनव्हासचं जॅकेट ओल पिऊन मऊ पडतं आणि कोपराचा टेकू बदलतो. सरावानंतर ते गुंडाळून पिशवीत कोंबू नका, सावलीत पंख्याखाली रुंद हँगरवर टांगा. चामड्याला बुरशी आली तर कोरड्या ब्रशने घराबाहेर झटका.

टार्गेटवर १५०० लक्स उजेड लागतो. व्होल्टेज पडलं आणि दिवे मंदावले की टार्गेटचं काळं वर्तुळ फोरसाइटच्या (बॅरलच्या पुढच्या टोकावरच्या साइटच्या) रिंगमध्ये वेगळं दिसतं. अशा वेळी रिंग लहान करण्यापेक्षा मोठी करून पाहा. रिंग फार तंग ठेवणं ही नव्या शूटरची जुनी सवय आहे.

टार्गेटमागच्या पेटीतलं शिसं कोरड्या केरसुणीने झाडायचं नाही. ओल्या फडक्याने पुसून घ्या, चुरा झाकणाच्या डब्यात भरून भंगारवाल्याकडे वेगळा द्या, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय डब्यातल्या घावनाला हात लावू नका.