टेस्टोस्टेरॉनच्या उपचारात वाढलेले हिमॅटोक्रिट कसे आटोक्यात आले

टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शने सुरू झाल्यावर माझी मरगळ गेली, पण चेहरा लालसर दिसू लागला, डोके जड राहू लागले आणि रक्ततपासणीत हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेल्याचे आढळले. तेवढे घट्ट रक्त धोक्याचे मानले जाते. डॉक्टरांनी इंजेक्शने थांबवली आणि प्रमाण उतरल्यावर दोन आठवड्यांच्या मोठ्या मात्रेऐवजी दर आठवड्याला लहान मात्रा दिली, कारण मोठ्या मात्रेनंतर संप्रेरकाची पातळी एकदम उसळते आणि तांबड्या पेशी जास्त वाढू शकतात. त्यांनी घोरण्याचीही चौकशी केली, जी मला फार मोलाची वाटते: झोपेत श्वास अडखळल्यास प्राणवायू कमी पडून तांबड्या पेशी आणखी वाढू शकतात. आता डोके हलके आहे आणि हिमॅटोक्रिटबरोबर पीएसए या प्रोस्टेट ग्रंथीशी संबंधित रक्तघटकाची तपासणीही नियमित होते. मूल हवे असणाऱ्यांनी मात्र आधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण या उपचाराने शुक्रजंतूंची निर्मिती दबते.