काचेवरचं पाणी बाहेरून येत नाही: मोटरहोममधल्या पहिल्या थंडीसाठी

ऑक्टोबरमधली शाळेची सुट्टी जवळ आली की मला फोन सुरू होतात. "ताई, मोटरहोम, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, भाड्याने घेतलीय, स्कॉटलंडला निघालोय. बरोबर काय काय घेऊ?" विचारणारे बहुतेक इंग्लंडमध्ये येऊन वर्ष-दोन वर्षं झालेले असतात. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पोहे, लोणचं ही यादी त्यांनी आधीच केलेली असते. मी सांगते, त्या यादीच्या वर लिहा: काच पुसायचा रबरी वायपर एक, मायक्रोफायबरची फडकी चार.

आम्ही लीड्समध्ये २००६ पासून आहोत आणि मोटरहोमने फिरायला लागलो २०११ मध्ये. त्या पहिल्या सहलीची पहिली रात्र स्कॉटलंडमधल्या ग्लेन्कोजवळच्या कॅम्पसाइटवर काढली. चिपळूणहून सासूबाई आलेल्या होत्या, दोन मुलं, आम्ही दोघं. दिवसभर पावसात भिजलेली जॅकेटं ड्रायव्हरच्या सीटवर पसरली. कुकरला मुगाची खिचडी लावली, चार शिट्ट्या केल्या, मग आल्याचा चहा. बाहेर तीन-चार अंश तापमान, म्हणून खिडक्या घट्ट लावल्या. छतावरच्या झरोक्यातून गार वारा येतोय असं वाटलं तर त्याच्या फटीत टॉवेल कोंबला. गॅस संपेल या भीतीने झोपताना हीटरही बंद केला.

पहाटे सासूबाईंनी हाक मारली, "अगं ऊठ, वरून गळतंय." उठून बघते तर त्या अंधारात पातेलं शोधत होत्या, थेंबाखाली ठेवायला. बाहेर पाऊस नव्हता, आभाळ चांदण्यांनी भरलेलं होतं. आणि आत? झरोक्याच्या कडेने थेंब टपकत होते, समोरच्या काचेवरून ओघळ डॅशबोर्डवर येऊन साचले होते, भिंतीकडच्या बाजूने गादीची कड ओली होती. मोठ्या मुलाच्या उशीचा अभ्रा पिळता येईल इतका भिजला होता. सकाळी फडकी पिळून पाणी बादलीत जमवलं, तेव्हा ते तांब्याभर भरलं.

ते पाणी आमचंच होतं. माणूस झोपेत श्वासातून आणि अंगातून तासाला साधारण ४० ग्रॅम वाफ सोडतो. चार माणसं आठ तास झोपली की सव्वा लिटरच्या वर पाणी होतं, आणि आम्ही तर पाच जण होतो. त्यात कुकरची वाफ, ओली जॅकेटं आणि शेगडीचा गॅस. गॅस जळताना पाणी तयार होतं हे मलाही तेव्हा लक्षात आलं नव्हतं. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १ किलो ६०० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात हवेत येतं. सहा मीटर लांबीच्या गाडीतली सगळी हवा, २० अंशाला, फार तर ३५० ते ४०० ग्रॅम वाफ धरून ठेवू शकते. बाकीची जाणार कुठे? जी जागा सगळ्यात गार, तिथे ती पाणी होऊन बसते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून घाम फुटतो, तसाच काचेला आतून फुटतो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण आपण कोकणातले असू, मुंबईचे असू, तरी सवयी आपल्याला उलट्या दिशेने नेतात. आपल्याकडे ओल बाहेरून येते. जुलैत पापडाला बुरशी लागते, चामड्याच्या चपला हिरव्या पडतात, म्हणून आपण डबे घट्ट लावतो, खिडक्या ओढून घेतो. इथल्या हिवाळ्यात बाहेर रिपरिप चालू असली तरी त्या हवेत पाणी फार कमी असतं. ५ अंशाची हवा पूर्ण ओली असली तरी तिच्यात घनमीटरला जेमतेम ७ ग्रॅम वाफ मावते. तीच हवा आत घेऊन २० अंशाला तापवली की तिच्यात १७ ग्रॅम मावू शकतात, म्हणजे ती बरीच कोरडी झाली. ती तुमच्या गाडीतली वाफ उचलते आणि बाहेर घेऊन जाते. म्हणून बाहेर पाऊस असतानाही झरोका दोन बोटं उघडा ठेवायचा आणि त्याच वेळी आत हीटर चालू ठेवायचा. नुसतं तापवून झरोका बंद ठेवला तर वाफ आतच फिरत राहते, नुसतं उघडून हीटर बंद ठेवला तर आपण गारठतो आणि भिंतीही गार पडतात. दोन्ही एकत्र केलं तरच उपयोग. यात थोडा गॅस जास्त जातो. तो जाऊ द्या, ओल्या गादीपेक्षा स्वस्त पडतो.

रात्री हीटर बंद करू नका, १४-१५ अंशावर मंद ठेवा. मोटरहोममध्ये बसवलेले गॅसचे किंवा डिझेलचे हीटर जळण्यासाठी हवा बाहेरून घेतात आणि धूर, वाफ बाहेरच सोडतात, त्यामुळे त्यांची ऊब कोरडी असते. स्वयंपाकाची शेगडी पेटवून गाडी गरम करायची मात्र कधीही नाही. तिचं पाणी तर आत येतंच, शिवाय कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने जीव जाऊ शकतो. याच कारणासाठी गाडीला जमिनीजवळ आणि छतावर कायमच्या उघड्या फटी दिलेल्या असतात. आम्ही टॉवेल कोंबला ती चूक होती. तुम्ही कितीही गारठलात तरी ती फट बुजवू नका, आणि गाडी ताब्यात घेताना कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून वाजवून बघा. थंडीत जाणार असाल तर प्रोपेनची लाल बाटली मागा. निळ्या बाटलीतला ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास गॅस व्हायचंच थांबतो आणि ऐन पहाटे हीटर बंद पडतो. कॅम्पसाइटवर विजेचं हुक-अप, म्हणजे गाडीला बाहेरून विजेची जोडणी, मिळालं तर घ्याच, विजेच्या हीटरने हवेत पाण्याचा थेंबही वाढत नाही.

स्वयंपाकाचं सांगते, कारण आपला स्वयंपाक इथल्या लोकांसारखा नाही. त्यांचं टोस्ट आणि सूपवर भागतं, आपल्याला वरण, भात, उसळ लागते. ती करा, सुट्टीत उपाशी राहायचं काही कारण नाही. पण कुकरच्या शिट्ट्या आत होऊ देऊ नका. आम्ही आता छोटी गॅसची शेगडी बाहेर छपराखाली मांडतो, कुकर तिथेच लागतो. वारा-पाऊस फार असेल आणि आतच करावं लागलं तर शेगडीच्या वरचा झरोका पूर्ण उघडा, पंखा असेल तर बाहेर फेकणाऱ्या दिशेने लावा, आणि कुकरची वाफ आपोआप बसू द्या, शिट्टी उचलून काढू नका. पातेल्यावर झाकण हवंच. चहा उकळत ठेवून गप्पा मारायची सवय असेल तर पाणी इलेक्ट्रिक किटलीत तापवून घ्या. स्वयंपाक झाल्यावरही दहा मिनिटं झरोका उघडाच राहू दे.

ओले कपडे सीटवर नकोत. मोटरहोमची छोटी न्हाणी हीच वाळवणीची खोली समजा. जॅकेटं, टॉवेल, मुलांचे मोजे तिथे टांगा, न्हाणीचा झरोका उघडा, दार बंद. बहुतेक गाड्यांत हीटरची गरम हवा न्हाणीतही येते, त्यामुळे सकाळपर्यंत कपडे बऱ्यापैकी सुकतात आणि वाफ झोपायच्या जागेत येत नाही.

खिडक्यांचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींची वागणूक वेगळी. राहत्या भागातल्या खिडक्या दुहेरी अॅक्रिलिकच्या, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या असतात, त्यांच्यावर पाणी कमी धरतं. त्यांच्या कडीला बहुधा दोन खाचा असतात, दुसऱ्या खाचेत अडकवली की खिडकी किंचित उघडी पण बंदोबस्तात राहते. खरी अडचण पुढच्या कॅबची, म्हणजे ड्रायव्हर बसतो त्या भागाची. तिथली काच साधी, एकेरी. तिच्यासाठी बाहेरून लावायचं जाड थर्मल कव्हर मिळतं. आतून लावायचे चंदेरी पडदेही मिळतात आणि ते स्वस्त असतात, पण त्यांच्यामागे काच आणखी गार पडते आणि पाणी तिथेच साचतं, सकाळी पडदा काढला की ओघळ. नवीन घेणार असाल तर बाहेरचंच घ्या. भाड्याच्या गाडीत आतलेच मिळाले तर सकाळी उठल्या उठल्या ते काढून काच पुसा.

पुसायचीही वेळ असते. हीटर वाढवायच्या आधी आणि ऊन काचेवर यायच्या आधी पुसा, नाहीतर तेच पाणी पुन्हा हवेत जातं आणि रात्री परत काचेवर येतं. वायपर वरून खाली एकाच दिशेने ओढायचा, खाली फडकं धरायचं, फडकं सिंकमध्ये किंवा बाहेर पिळायचं. ओलं फडकं आत वाळत टाकलं तर सगळी मेहनत वाया. आमच्याकडे हे काम धाकट्याचं आहे, तो पाच वर्षांचा असल्यापासून. खिडकीच्या रबराच्या खाचा जुन्या टूथब्रशला कोरडं फडकं गुंडाळून पुसा, काळी बुरशी पहिल्यांदा तिथेच दिसते.

अॅक्रिलिकची खिडकी घरच्या काचेच्या स्प्रेने कधीही पुसू नका. त्यातल्या अल्कोहोल-अमोनियाने ती आतून बारीक बारीक तडकते, जाळी धरल्यासारखी दिसते आणि ते कायमचं. आमची अनामत रक्कम एकदा यातच गेली. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, बास. दोन थरांच्या मधोमध धुकं दिसलं तर घाबरू नका. खिडकीच्या कोपऱ्यात छोटं बूच असतं. ते उबदार कोरड्या दिवशी काढून ठेवलं की आतली ओल निघून जाते, मग बूच परत लावायचं. गाडी भाड्याची असेल तर मालकाला विचारूनच.

गादीकडे लक्ष द्या. खालून थंड फळी आणि वर ऊबदार अंग असलं की पाणी गादीच्या तळाला धरतं आणि ते कोणाला दिसत नाही. रोज सकाळी गादी उभी करून ठेवा, अर्धा तास तरी. भिंतीपासून चार बोटं अंतर राहू दे. स्वतःची गाडी घेतलीत तर गादीखाली हवा खेळती राहील अशी जाळीची चटई मिळते, ती टाका.

सकाळी निघताना एसी लावा. थंडीत एसी कशाला, असं नवीन माणूस दर वेळी विचारतो. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, म्हणून हवा गरम ठेवून एसी चालू केला की काच झटकन स्वच्छ होते. आतलीच हवा फिरवणारं बटण मात्र बंद हवं. काच पूर्ण मोकळी झाल्याशिवाय गाडी हलवू नका. इथल्या वाहतूक नियमांत सगळ्या काचांतून स्पष्ट दिसायला हवं असं लिहिलेलं आहे, आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलंड्समधल्या, एकच गाडी मावेल अशा अरुंद रस्त्यांवर समोरून लाकडाचा ट्रक येतो तेव्हा तो नियम का आहे ते कळतं.

आता आपल्यातली बरीच कुटुंबं जुनी मोटरहोम विकत घेऊ लागली आहेत, त्यांच्यासाठी. काचेवरचं पाणी आणि भिंतीतली गळती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी आठवडाभर रिकामी उभी असतानाही पावसानंतर कोपरा ओला लागला, कुजकट वास आला, खिडकीखालची भिंत अंगठ्याने दाबल्यावर मऊ लागली, तर ते बाहेरचं पाणी आहे. झरोका उघडून ते जाणार नाही. घेण्याआधी ओल मोजणारं यंत्र लावून तपासणी करून घ्या. १५ टक्क्यांच्या आत आकडा असेल तर ठीक, १५ ते २० मध्ये लक्ष ठेवायचं, २० च्या वर गेला तर विकणाऱ्याचं बोलणं कितीही गोड असो, कारण सापडेपर्यंत पैसे देऊ नका. आम्ही पहिली गाडी घेताना ही तपासणी केली नाही, आणि मागच्या भिंतीतलं लाकूड दुसऱ्या वर्षी बदलावं लागलं.

भाड्याच्या घरातही हेच सगळं लागू आहे, ते थोडक्यात सांगते. खिडकीच्या वरच्या बारीक फटी बंद करू नका, रेडिएटरवर कपडे वाळत घालून खोली बंद करू नका, पलंग आणि कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका. दहा-बारा पौंडांना आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते झोपायच्या खोलीत ठेवा आणि आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहील असं बघा. एवढं करूनही भिंत ओली राहिली तर तारखेसह फोटो काढून घरमालकाला लेखी कळवा. भिंत ओली असण्याचा दोष तुमच्या फोडणीवर ढकलला जातो हे मी अनेकांकडून ऐकलंय. तुमच्याकडे रोजचे आकडे लिहून ठेवलेले असले की बोलणं वेगळ्या सुरात होतं.

डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढून घेणारं यंत्र, घ्यावा का, हेही विचारतात. घरासाठी जरूर. गाडीसाठी घेणार असाल तर डेसिकंट प्रकारचा, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा घ्या, कॉम्प्रेसरवाला थंडीत नीट काम करत नाही. दुकानात पांढऱ्या खड्यांचे डबे मिळतात, ते पाणी शोषतात पण फार थोडं. चार माणसांच्या रात्रीपुढे त्यांचं काही चालत नाही. गाडी हिवाळाभर उभी असते तेव्हा ते ठीक. त्या वेळी उश्या-गाद्या उभ्या करून ठेवा, कपाटं आणि फ्रिजचं दार उघडं राहू द्या, डबा सिंकमध्ये ठेवा. आणि गाडी चालवायच्या आधी तो आठवणीने बाहेर काढा. त्यातलं खारट पाणी सीटच्या कापडावर सांडलं की ते कापड पुन्हा कधी धड वाळत नाही.